उसन्या प्रतिमा आणि पत्राच्या शेवटी राहून गेलेली कविता

वाचकाचं पत्र : मी निफाड तालुक्यात राहते. दोन वर्षांपासून कविता लिहिते. यंदा एका दिवाळी अंकाला पाठवलेली कविता परत आली. समासात एवढाच शेरा होता : ‘प्रतिमा उसन्या आहेत.’ प्रतिमा म्हणजे उपमाच ना? शाळेत अलंकार शिकलो, त्यात प्रतिमा नावाचं काही नव्हतं. मग प्रतिमा, रूपक, प्रतीक यांत फरक काय? एका कवितेत किती प्रतिमा असाव्यात? कथेत वेगळं असतं का? आणि स्वतःच्या प्रतिमा आणायच्या म्हटलं तर आमच्याकडे कांद्याशिवाय आहे काय? ते शब्द मुंबई-पुण्याच्या वाचकाला कळतील का? ‘आईचे दुःख’ या कवितेतल्या चार ओळी देते :

आईच्या डोळ्यांत अश्रूंचा सागर
काळीज तिचे जणू आभाळ फाटले
दुःखाच्या वणव्यात जळते ती रोज
स्वप्नांचे पंख कुणी छाटले

अक्षर खराब आलंय, माफ करा. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत आहे आणि पाऊस लागून राहिलाय. आई दर चौथ्या दिवशी चाळीच्या फटीला नाक लावून येते. भाव काय निघाला ते आता ती विचारतही नाही.

उत्तर : ताई, शेरा तोकडा आहे, पण खोटा नाही. शेरा लिहिणाऱ्याने आणखी दोन ओळी खर्ची घातल्या असत्या तर तुमचं वर्ष वाचलं असतं. मात्र तुम्हाला प्रतिमा सुचत नाहीत असं अजिबात नाही. तुमच्या हातून एक अस्सल प्रतिमा उतरलेली आहे, फक्त ती कवितेत नाही. पत्राच्या शेवटी, माफी मागता मागता, तुम्ही ती लिहून गेलात : आई चाळीच्या फटीला नाक लावून येते. पुढचं सगळं उत्तर या वाक्याभोवती आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. प्रतिमा म्हणजे शब्दांनी उभा केलेला इंद्रियांचा अनुभव. वाचणाऱ्याला काहीतरी दिसलं, ऐकू आलं, वास आला, हाताला लागलं, जिभेला जाणवलं की प्रतिमा झाली. तिच्यात तुलना असलीच पाहिजे असं नाही. शाळेत अलंकार शिकवतात ते मुख्यतः तुलनेचे प्रकार म्हणून, त्यामुळे प्रतिमा वेगळी भेटतच नाही. उपमेचे चार भाग तुम्हाला पाठ असतील : उपमेय, उपमान, दोघांतला समान गुण आणि ‘सारखा’, ‘जसा’, ‘परी’ असा साम्य दाखवणारा शब्द. रूपकात तो जोडशब्द जातो आणि उपमेय-उपमान एकरूप होतात. उत्प्रेक्षेत ‘जणू’ येतो. तुमची दुसरी ओळ उत्प्रेक्षेची आहे. प्रतीक ही आणखी वेगळी गोष्ट. एखादी वस्तू कवितेत वस्तू म्हणूनच वावरते, पण पुन्हा पुन्हा आल्याने किंवा समाजाच्या मनात तिला आधीच अर्थ असल्याने ती स्वतःपेक्षा मोठं काही वाहू लागते. अंगणातलं तुळशीवृंदावन हे असं तयार प्रतीक. नवं प्रतीक मात्र कवितेलाच घडवावं लागतं.

हे तुमच्याच चाळीवर करून बघा. ‘चाळीच्या तळातून काळपट पाणी ठिबकत होतं’ ही नुसती प्रतिमा झाली. तुलना नाही, तरी डोळ्यांना आणि नाकाला काम आहे. ‘घरातलं बोलणं चाळीतल्या कांद्यासारखं आतून सडत गेलं’ ही उपमा. ‘घर म्हणजे चाळच झालं होतं : वरचा थर कोरडा खडखडीत, खालच्याचं खालीच’ हे रूपक. आणि कवितेत चाळीचं दार तीनदा आलं, पहिल्यांदा उघडं, मग ओढून घेतलेलं, शेवटी कुणीच त्याच्याकडे बघत नाही असं, आणि ‘हे दार म्हणजे अमुक’ असं कुठेच सांगितलं नाही, तर तिसऱ्या खेपेला ते दार प्रतीक झालेलं असतं.

आता तुमच्या चार ओळी. ‘अश्रूंचा सागर’, ‘दुःखाचा वणवा’, ‘स्वप्नांचे पंख’. तिन्हींची बांधणी एकच आहे : आधी मनातल्या गोष्टीचं किंवा भावनेच्या खुणेचं नाव, मग चा-ची-चे, मग वस्तू. आठवणींचा हिंदोळा, आशेचा किरण, विरहाची आग, सुखाची सावली हे सगळं याच साच्यातून निघतं. मराठीत उसन्या प्रतिमांचं सर्वांत मोठं कोठार या षष्ठीत आहे. साचा वाईट का, तर त्यात भावनेचं नाव आधी येतं आणि अर्थ तिथंच सांगून संपतो. मागून येणाऱ्या वस्तूला काही कामच उरत नाही. ‘दुःखाचा’ वाचल्यावर पुढे वणवा आला काय, डोंगर आला काय, दरी आली काय, वाचणारा तितकाच पुढे सरकतो. शब्द बदलूनही ओळ बदलत नसेल, तर ती वस्तू ओळीत नाहीच असं समजावं.

यावर उपाय सोपा आहे. षष्ठीतला पहिला अर्धा भाग खोडा आणि उरलेली वस्तू एकटी उभी राहते का बघा. ‘दुःखाच्या’ खोडलं तर उरतो वणवा. मग वणव्याला खरा वणवा व्हावं लागेल. तो होळीच्या सुमाराला, गवत पार वाळल्यावर डोंगरउतारावर लागतो; रात्री लांबून तांबडी रेघ सरकताना दिसते; दुसऱ्या दिवशी त्या उतारावरून चाललं की पावलं काळी होतात आणि जळके बुडखे टोचतात. हे तुम्ही पाहिलं असेल तर वणवा ठेवा, मात्र त्याची काळी पावलं कवितेत आली पाहिजेत. पाहिलं नसेल तर वणवा सोडून द्या. सागराचंही तेच. निफाडच्या घरात उभ्या असलेल्या आईच्या डोळ्यांत समुद्र आणण्याआधी तिच्या परड्यात काय आहे ते बघायला हवं होतं.

एक गैरसमज मात्र इथंच दूर करते. जुनं उपमान म्हणजे वाईट उपमान, असं नाही. संस्कृत आणि जुन्या मराठी काव्यात चंद्र, कमळ, चकोर, मेघ, चातक हे ठरलेले होते. तिथं वाचकाला ठरलेल्याचीच अपेक्षा असे आणि कवीने त्याला कोणती नवी कलाटणी दिली यात त्याची रसिकता असे. आज तो करार उरलेला नाही. जुनी प्रतिमा घ्यायला हरकत नाही, पण तिच्याकडून आपण नवं काय करून घेतो ते दाखवायला हवं.

अशा कलाटणीचा एक नमुना जवळून बघण्यासारखा आहे. भुंगा आणि कमळ ही जोडी ज्ञानेश्वरांच्या आधीपासून चालत आलेली, पार गुळगुळीत झालेली. ज्ञानेश्वरी १२९० सालची. पहिल्या अध्यायात अर्जुनाला मोहाने घेरलं ते सांगताना ज्ञानेश्वर हीच जोडी उचलतात :

जैसा भ्रमर भेदी कोडें । भलतैसें काष्ठ कोरडें ।
परि कळिकेमाजी सांपडे । कोंवळिये ॥

कसलंही वाळलेलं लाकूड भुंगा लीलया पोखरतो, पण कोवळ्या कळीत अडकतो. यातलं पहिलं अर्धं निरीक्षण आहे. घराच्या वाशांना आणि बांबूंना गोल भोकं पाडणारा काळा भुंगा तुम्ही पाहिलाच असेल. प्रतिमा तिथं पाय रोवते. पुढच्या ओवीत ती उघडते : भुंगा तिथं जीव देईल, ‘परि तें कमळदळ चिरूं नेणें’. इथं थांबून बघा. भुंग्याला ताकद कमी पडली असं ज्ञानेश्वर म्हणत नाहीत. लाकूड फोडणाऱ्याला पाकळी काय जड! तो चिरायला जाणतच नाही. अर्जुनाचं सगळं दुखणं त्या एका ‘नेणें’मध्ये आलं : हात सशक्त आहे, समोर आपली माणसं आहेत, आणि हात उचलत नाही. मग निष्कर्ष येतो, ‘तैसें कठिण कोवळेपणें स्नेह देखा’. कोवळेपणामुळेच कठीण झालेला स्नेह. नुसतं ‘मोहाच्या जाळ्यात अर्जुन सापडला’ म्हटलं असतं तर जाळं त्याच्या बाहेर राहिलं असतं. भुंग्याला अडवणारी गोष्ट त्याच्या आत आहे, आणि ती फक्त या प्रतिमेमुळे कळते. चांगल्या प्रतिमेची ओळख हीच. ती काढून घेतली तर अर्थही जातो, कारण तो अर्थ दुसरीकडे कुठे ठेवलेला नसतो.

आपल्या काव्यशास्त्रात यासाठी एक नेमकी मोजपट्टी आहे : अभिधा, लक्षणा, व्यंजना. ‘गंगेवर गवळीवाडा आहे’ हे त्यातलं ठरलेलं उदाहरण. शब्दशः अर्थ म्हणजे अभिधा; तो घेतला तर पाण्यावर वाडा वसत नाही. म्हणून ‘काठावर’ हा अर्थ घ्यावा लागतो, ती लक्षणा. पण मग सरळ ‘काठावर’च का नाही म्हटलं? कारण ‘गंगेवर’ म्हटल्याने तिथला गारवा आणि पावित्र्यही सूचित होतं, ती व्यंजना. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त या सूचित अर्थालाच काव्याचा आत्मा म्हटलं.

कवितेच्या वहीवर ही मोजपट्टी उलट्या क्रमाने लावू नका. नवशिके थेट व्यंजनेला हात घालतात आणि अभिधा कच्ची राहते. ‘स्वप्नांचे पंख कुणी छाटले’ यात शब्दशः काय घडतं? कुणाच्या हातात कात्री आहे, पंख कुठे पडले, काहीच दिसत नाही. आता ‘आई चाळीच्या फटीला नाक लावते’ घ्या. हे अंगणात जाऊन बघता येईल इतकं खरं आहे. कांदा तळात सडायला लागला की डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळतं. एक सडला की ओल शेजारच्याला लागते. पावसाळी दमट हवेत हे भराभर होतं. म्हणून ती हुंगते. अभिधा पूर्ण आहे, आणि ती पूर्ण आहे म्हणूनच तिच्या मागची भीती, पैशाची ओढाताण, न बोलणं, सगळं न सांगता येतं.

आणखी एक गोष्ट तुमच्या त्या वाक्यात आहे, ती तुमच्या लक्षात आली नसेल : त्यात क्रियापद काम करतं. प्रतिमा म्हटली की लोक नामं शोधत बसतात, चांदणं, पारिजात, किनारा, वादळ. पण मनात राहतात त्या प्रतिमांचा जीव बहुतेक वेळा क्रियापदात असतो. भुंग्याच्या ओवीत ‘चिरूं नेणें’. तुकोबांच्या ‘कन्या सासुऱ्यासि जाये । मागें परतोनी पाहे’मध्ये ‘परतोनी पाहे’. सासरी निघालेली मुलगी. तिच्या डोळ्यांत पाणी आहे की नाही ते तुकोबा सांगत नाहीत. फक्त मान मागे वळते. त्या वळण्यात सगळं माहेर आहे. तुमच्या वाक्यात ‘नाक लावून येते’. आणि तुमच्या कवितेत? ‘जळते’, ‘फाटले’, ‘छाटले’. तिन्ही क्रियापदं मोठ्या आवाजाची आहेत, आणि एकाही क्रियेत आई स्वतः हातापायाने काही करताना दिसत नाही.

प्रतिमांची नजर कमवायची तर कवितासंग्रहांआधी रोजची बोली उलगडून बघा. आपण दिवसभर प्रतिमांतच बोलतो, फक्त त्या गोठलेल्या असतात. ‘कसोटी’ म्हणजे सोनाराकडचा काळा दगड. त्यावर सोनं घासून उमटलेल्या रेघेवरून कस ठरतो. ‘तावून सुलाखून’मध्येही धातूचीच परीक्षा आहे, आधी तापवायचं आणि मग भोक पाडून आतला धातू बघायचा. ‘चाकोरी’ म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी मातीत पाडलेली घळ. गाडी एकदा तिच्यात शिरली की बाहेर काढायला जोर लागतो. ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ म्हणताना काथ्याची दोरी डोळ्यांसमोर आणा : जळून राख झाली तरी राखेत वळ्या तशाच दिसतात, हात लावला की मोडतात. रोज असे पाच वाक्प्रचार घ्या आणि प्रत्येकामागची वस्तू आणि क्रिया एका ओळीत लिहा. महिनाभराने दीडशे होतील. त्यातला एकही कवितेत घालायचा नाही. हा सराव डोळ्यांचा आहे.

या सरावाचा दुसराही फायदा आहे. गोठलेली प्रतिमा शेजारी दुसरी आली की जागी होते आणि दोघींची टक्कर होते. ‘भ्रष्टाचाराच्या भस्मासुराची पाळंमुळं खणून काढू’ असलं वाक्य भाषणात सहज खपतं. पण भस्मासुराला मुळं नसतात. ‘विकासाची गंगा रुळावरून घसरली’चं तेच. तुमच्या चार ओळींत हीच अडचण आहे : आईच्या डोळ्यांत समुद्र आहे, आणि दोनच ओळींनंतर ती वणव्यात जळते आहे. वाचणारा नकळत विचारतो, एवढं पाणी असताना आग कशी? प्रत्येक प्रतिमा आपलं हवामान घेऊन येते. कविता पूर्ण झाली की सगळ्या प्रतिमांखाली रेघ मारा आणि समासात प्रत्येकीचं गाव लिहा. तुमच्या ओळींसमोर येईल : समुद्र, आकाश, जंगल, पक्षी. चार ओळींत चार गावं. इतक्या वेगाने कुणीच प्रवास करू शकत नाही.

आता प्रत्यक्ष काम. एक वही घ्या आणि आईबद्दल दहा वाक्यं लिहा. त्यांत दुःख, वेदना, माया, आठवण, स्वप्न असं एकही भावनेचं नाव नको आणि ‘जणू’, ‘जसं’, ‘सारखं’ नको. प्रत्येक वाक्यात एक वस्तू आणि आईची एक क्रिया. पहिली तीन-चार वाक्यं डोळ्यांनी पाहिलेलीच येतील, आणि बहुधा तीच सर्वांत ओळखीची असतील. मग मुद्दाम दोन वाक्यं वासाची, दोन स्पर्शाची, एक आवाजाचं लिहा. कांदा कापताना डोळ्यांत पाणी येतं, हे अजिबात नको; हजारदा लिहून झालंय. त्याऐवजी पात कापल्यावर बोटांना येणारा चिकटपणा, निवडताना सुटणाऱ्या साली पायाखाली येऊन होणारा आवाज, हे बघा. दहा झाली की आठ खोडायची. जी वाक्यं लिहिताना तुम्हाला ‘यात काय कविता आहे’ असं वाटलं, ती खोडताना दोनदा विचार करा.

निवडलेल्या प्रतिमेला लगेच ताणू नका. आधी बघा, ती आपल्याबरोबर आणखी काय सामान आणते. समजा मोहात पडून तुम्ही ‘आई म्हणजे चाळ’ असं रूपक केलं. साठवण, सांभाळणं, वारा खेळता ठेवणं, इथपर्यंत ते छान चालेल. पण चाळीत सडणंही असतं, आणि तुमच्या कवितेतली चाळ तर सडण्याच्याच भीतीने आलेली आहे. मग वाचणाऱ्याच्या मनात आईविषयी नको तो अर्थ उभा राहतो. उपमान पूर्णच्या पूर्ण येतं; त्यातला आपल्याला हवा तेवढा गुण वेगळा काढून घेता येत नाही. म्हणून साम्याची यादी करतो तशी विषमतेचीही करायची आणि ती सोसणार नसेल तर तुलना सोडून नुसती प्रतिमा ठेवायची. इथं तेच बरं आहे : आईची तुलना कशाशीही न करता तिला फक्त चाळीपाशी उभी करा.

तुमच्याच दोन वाक्यांवरून नमुन्यादाखल काही ओळी देते. त्या तुमच्या नाहीत, तशाच उतरवू नका. फक्त काय काढलं आणि काय राहू दिलं ते बघा.

दर चौथ्या दिवशी आई
चाळीच्या फटीला नाक लावते.
भाव काय निघाला
विचारत नाही.
रात्री भाकरी वाढताना
तिच्या हाताला तोच वास येतो.
आम्ही पाण्याचा तांब्या
तिच्याकडे सरकवतो.

वास चाळीतून निघून ताटापर्यंत आला, एवढीच प्रतिमेची वाढ आहे. तांब्या सरकवण्यात मुलांना सगळं कळलंय हे येतं. तिला हात धुवायला सांगतायत की तिची काळजी घेतायत, हे उघडं राहतं आणि राहू द्यावं. आता कुठल्याही ओळीत ‘दुःखाचा वास’ असं लिहून बघा. एका षष्ठीने सगळं खाली बसतं. आणखी एक मोह शेवटच्या ओळीनंतर होईल : ‘आम्हीही तिच्या चाळीतलेच कांदे’ असं काहीतरी घालून अर्थ पक्का करण्याचा. तो टाळा.

किती प्रतिमा असाव्यात, या प्रश्नाला आकडा नाही, पण अंदाज देते. बारा-पंधरा ओळींच्या कवितेला एक मुख्य प्रतिमा आणि तिच्याच अंगणातल्या दोन-तीन लहान प्रतिमा पुरतात. एकापेक्षा जास्त गावं आणायची असतील तर त्यांना बांधणारी हालचाल एक हवी. तुकोबांचा वरचा अभंग पुढे हरवलेल्या आईला शोधणारं मूल आणतो आणि शेवटी पाण्याबाहेरची मासोळी. मुलगी, मूल, मासोळी ही तीन वेगळी गावं आहेत, पण तिघांचीही अवस्था एकच, आपल्या माणसापासून, आपल्या पाण्यापासून तुटलेली. शिवाय क्रम बघा : मुलगी नुसतं मागे बघते, मूल हुरुहुरु बघतं, मासोळी तळमळते. ताण चढत जातो. तुमच्या चार ओळींची जागा उलटसुलट केली तरी फरक पडत नाही. त्या अभंगात तसं करून बघा, लगेच बिघडेल.

शहरातल्या वाचकाला कळेल का, ही भीती आधी सोडा. ‘मन वढाय वढाय, उभ्या पीकातलं ढोर’ हे बहिणाबाईंचं मराठी साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. ‘वढाय’ म्हणजे ओढाळ, हे पुण्यातल्या वाचकाला आधी माहीत असण्याची शक्यता कमीच. तरी कळतं, कारण पुढे लगेच येतं, ‘किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर’. अनोळखी शब्दाचा अर्थ शेजारच्या क्रियेने सांगितला. तुम्हीही हेच करा. ‘गोल्टी’ शब्द वापरायचा असेल तर तळटीप नको. ‘गोल्टी वेगळी काढली, घरच्या भाजीला’ म्हटलं की बारीक कांदा हा अर्थ आपोआप लागतो. उळं, डेंगळे, पात, चाळ हे शब्द तुमच्या हातातले आहेत, पण एका कवितेत दोन-तीनच अनोळखी शब्द ठेवा. त्याहून जास्त झाले की वाचणारा कविता सोडून शब्दांचं प्रदर्शन बघायला लागतो.

तुमच्या शेतकी बोलीत तयार प्रतिमाही पडलेल्या आहेत. कांदा पोसला की पात मानेपाशी लवते, त्याला ‘माना पडल्या’ म्हणतात, आणि निम्म्या माना पडल्या की काढणीचं बघायचं. हा शब्द इतका जोरकस आहे की तो जपून वापरायला हवा. घरातल्या माणसाच्या खचण्याशेजारी तो ठेवलात तर अर्थ आपोआप लागेल. वर आणखी बोट दाखवलंत तर त्या माणसाच्या दुःखाचा वापर केल्यासारखं होईल.

कथेचं थोडक्यात सांगते. कथेत प्रतिमांची दाटी नको, कारण वाचणारा घटनेमागे चाललेला असतो. तिथं एकच वस्तू निवडा आणि दोन-तीनदा येऊ द्या, प्रत्येक वेळी थोडी बदललेली. पहिल्या खेपेला ती नुसती सामान म्हणून यावी, कुणाचं लक्षही जाऊ नये.

कविता नव्याने लिहिलीत की लगेच पाठवू नका. पंधरा दिवस बाजूला ठेवून मोठ्याने वाचा. आवाज जिथं आपसूक भाषणासारखा चढतो, तिथं बहुतेक वेळा उसनी ओळ सापडते. आणि शीर्षक ‘आईचे दुःख’ ठेवू नका. ती षष्ठी तिथंही येऊन बसली आहे. ‘चौथा दिवस’ ठेवून बघा.